साळुंकीच्या घराचा आराखडा

एका राज्यात सुरथ नावाचा राजा होता. त्याला द्रव्याचा भारी सोस. महालात जिकडे पाहावे तिकडे पेट्या, हंडे, रांजण. एकदा एक मांत्रिक पाहुणा म्हणून आला, तर त्याला टेकायला हातभर जागा मिळेना. तो संतापून म्हणाला, "पाहुण्याला जागा नाही, त्या घरात लेकीलाही नसो. तिची जागा तिला मिळेल, तेव्हाच ती माणसात येईल."

तत्क्षणी राजकन्या केतकीची साळुंकी झाली आणि समोरच्या चिंचेवर जाऊन बसली.

राणी सौदामिनी रडली खूप, पण रडत बसली नाही. म्हणाली, "महाराज, घरात जागा नसेल, तर घर बदलू."

राजाने पिटवलेली दवंडी ऐकून घरे बांधून देणारा त्रिविक्रम नावाचा मक्तेदार आला. त्याच्यापाशी मंतरलेला चुना होता. चुन्याची रेघ ओढावी, की उजाडता तिथे बांधकाम उभे. सकाळी येतो म्हणाला आणि कलत्या उन्हात उगवला. सिद्धी असली, तरी मक्तेदार तो मक्तेदारच.

पहिला आराखडा राजाच्या मनासारखा झाला. सोन्याच्या कळसाचा मनोरा उभा राहिला. साळुंकीने त्याला एक घिरटी घातली. म्हणाली, "इथे फार वारा आहे," आणि चिंचेवर परतली.

दुसरा मक्तेदाराच्या मनासारखा झाला. स्फटिकाचे दालन, मधोमध कारंजे. साळुंकी उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "इथे आई कुठे बसणार?" ती पुन्हा उडून गेली.

"आराखड्यात खोट नाही," मक्तेदार फणकारला. "आणि चुना आता मूठभरच उरला आहे."

राणीचे काळीज हलले. ती चिंचेखाली गेली. "केतकी, तुला कुठे बसायचे आहे?" हे आजवर तिला कोणी विचारलेच नव्हते. राणीला स्वतःचीच लाज वाटली.

"मुदपाकखान्याच्या खिडकीखाली ओटा होता," साळुंकी म्हणाली. "तू तांदूळ निवडायचीस, मी खडे वेचायचे."

तो ओटा पाडूनच राजाने खजिना बांधला होता.

मक्तेदाराने डोके खाजवले. "महाराज, रेघ खजिन्यातूनच जाईल. ओटा उठेल आणि आतले सारे द्रव्य मातीमोल होईल."

राजाचा चेहरा उतरला. त्याने खजिन्याकडे पाहिले, मग चिंचेकडे. मग चुना मागून घेतला आणि रेघ स्वतःच ओढली.

"वाकडी आली," मक्तेदार कळवळून म्हणाला.

उजाडले तेव्हा खजिना नव्हता. खिडकीतून ऊन आले होते आणि खाली ओटा होता, किंचित वाकडा. राणी सुपात तांदूळ घेऊन बसली. साळुंकी खिडकीतून आत आली. पहिला खडा तिने चोचीने उचलला. दुसराही चोचीने. तिसरा दोन बोटांनी उचलला.

राणीने आधी ती बोटे घट्ट धरली, मग वर केतकीच्या चेहऱ्याकडे पाहिले. दारातला राजा लहान मुलासारखा रडत होता.

दुपारी मांत्रिक पुन्हा आला. राजा ओट्यावर जरा सरकला आणि म्हणाला, "बसा." मक्तेदार ओटा सरळ करून द्यायला तयार होता.

"राहू द्या," केतकी म्हणाली. "बाबांनी आखला आहे."

त्या घरी आल्यागेल्याला जागा झाली, लेक सुखात राहिली. ही कहाणी ज्या ओट्यावर ऐकली जाईल, तिथेही एकाला जागा सदा मोकळी राहो.