पिल्लाचा दुसरा पाय

ठकूला चित्र हवं होतं. आत्याने बटण दाबलं. प्रिंटर सुरू झाला.

खर्र खट! खर्र खट!

पिवळं पिल्लू आलं. तांबडी माती आली. मातीत दडलेले दाणे आले. काळा पाय मात्र एकच आला. काळी शाई संपली होती!

ठकू हिरमुसली. गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली.

आणि पिल्लू? पिल्लाला तर भूक लागलेली! कोंबडीचं पिल्लू खातं कसं? एका पायावर उभं राहतं. दुसऱ्या पायाने माती उकरतं. याला तर दुसरा पायच नाही. उकरायला गेलं, की धप्प!

मग पिल्लू कागदावरून खाली उतरलं. एका पायाने निघालं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"प्रिंटरदादा, प्रिंटरदादा,
पाय मला मिळेना.
तू छापशील का?"

प्रिंटरने लाल दिवा लावला. "माझ्या पोटातली शाईची डबी भरेल, तर मी छापेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"डबीताई, डबीताई,
प्रिंटर छापेना,
पाय मला मिळेना.
तू भरशील का?"

डबी हळूच म्हणाली, "मी रिकामी रे बाळा. मला आता टाकूनच देतील. पिचकारी शाई ओतेल, तर मी भरेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"पिचकारीबाई, पिचकारीबाई,
डबी भरेना,
प्रिंटर छापेना,
पाय मला मिळेना.
तू ओतशील का?"

पिचकारी म्हणाली, "माझं पोट शाईने भरलंय. पण मला हात कुठे आहेत? आत्या दांडा दाबेल, तर मी ओतेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"आत्या, आत्या,
पिचकारी ओतेना,
डबी भरेना,
प्रिंटर छापेना,
पाय मला मिळेना.
तू दाबशील का?"

आत्या म्हणाली, "दाबेन की! डबी चांगली धडधाकट आहे, टाकायची कशाला? पण शाई सांडली, तर फरशीवरून निघता निघत नाही. खाली पेपर पसरेल, तर मी दाबेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"पेपरबुवा, पेपरबुवा,
आत्या दाबेना,
पिचकारी ओतेना,
डबी भरेना,
प्रिंटर छापेना,
पाय मला मिळेना.
तुम्ही पसराल का?"

पेपर कुरकुरला, "कसा पसरू? माझ्यावर माऊ झोपलीय. माऊ उठेल, तर मी पसरेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"माऊताई, माऊताई,
पेपर पसरेना,
आत्या दाबेना,
पिचकारी ओतेना,
डबी भरेना,
प्रिंटर छापेना,
पाय मला मिळेना.
तू उठशील का?"

माऊने एकच डोळा उघडला. "इथे छान ऊब आहे. ठकू मांडी घालेल, तर मी उठेन."

पिल्लू दमलं होतं. तरी निघालं. टुणुक... टुणुक... टुणुक...

"ठकू, ठकू,
माऊ उठेना,
पेपर पसरेना,
आत्या दाबेना,
पिचकारी ओतेना,
डबी भरेना,
प्रिंटर छापेना,
पाय मला मिळेना.
तू मांडी घालशील का?"

सगळे म्हणाले होते, आधी तो, मग मी. ठकू काय म्हणाली असेल?

ठकूने विचारलं, "तुला भूक लागलीय?"

"खूप," पिल्लू म्हणालं.

ठकूने डोळे पुसले. पाय दुमडले. मांडी घातली. "ये गं माऊ!"

माऊ उठली.
पेपर पसरला.
आत्याने दांडा दाबला. हळूहळू, थेंब थेंब. टिप टिप टिप.
पिचकारीने शाई ओतली.
डबी भरली.
आणि प्रिंटर...

प्रिंटर छापेना! परत लाल दिवा!

"डबी रिकामी," प्रिंटर म्हणाला.

"अरे, मी भरलेय!" डबी ओरडली.

"नाही. मी पानं मोजलीत. इतकी पानं झाली, की डबी रिकामी."

पिल्लू म्हणालं, "दादा, तू मोजलंस. पण आत बघितलंस का?"

आत बघायचं कधी प्रिंटरच्या मनातच आलं नव्हतं.

"याचं नेहमीचंच आहे," आत्या म्हणाली. तिने बटण दाबलं. दाबून धरलं. लाल दिवा लुकलुकला. लुक लुक, लुक लुक... आणि हिरवा झाला.

"अरेच्चा! शाई आहे की!" प्रिंटर म्हणाला. "चल पिल्ला, कागदावर उभं राहा."

खर्र खट! खर्र खट!

आला! दुसरा पाय आला! जरा जास्त काळा. जरा जाडा.

"दोन्ही पाय सारखे नाहीत," ठकू म्हणाली.

पिल्लाने खाली पाहिलं. जुन्या पायावर उभं राहिलं. नव्या पायाने उकरलं.

खुर्र खुर्र. खुर्र खुर्र.

दाणा! टच!
अजून एक दाणा! टच!

डबी आपल्या जागी हसत बसली. पिल्लाचं पोट भरलं. ठकूला आता उड्या मारायच्या होत्या.

पण मांडीवरून माऊ काही उठेना!