हाक्यातला न उचललेला वाटा

जंगलाला लागून एक गाव होतं. खूप जुनी गोष्ट आहे. त्या गावचे लोक वर्षातून एकदा सगळे मिळून हरणांच्या शिकारीला जात. चांगले नेमबाज खिंडीच्या तोंडाशी धनुष्यं घेऊन दबा धरत. बाकीचे वीस-पंचवीस जण वरच्या अंगाला लांबच लांब रांग धरत आणि आरडाओरडा करत, काठ्या आपटत हरणं खाली खिंडीकडे पिटाळत. याला ते हाका म्हणत.

हाक्याचा नियम एकच होता. रांगेतल्या प्रत्येकाने ओरडत राहायचं. शेजारच्याचा आवाज बंद पडला, की "थांबा!" म्हणून हाळी द्यायची आणि सगळ्या रांगेने जागच्या जागी थांबायचं. मग हरणं निसटली तरी चालतील.

त्या वर्षी गारांनी पीक झोडपलं होतं. घरोघरी कण्या शिजत होत्या. लखमाची बायको चार दिवसांची बाळंतीण होती आणि तिला पान्हा फुटत नव्हता. हाक्याला निघताना लखमा तिला म्हणाला, "आज मांस घेऊनच येतो बघ."

रांगेत लखमाच्या डाव्या हाताला गोमाकाका होता. म्हातारा, पण हाका कधी चुकवायचा नाही. त्याच्या पलीकडे बुधा.

हाका सुरू झाला. झाडीआडून माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज येत होते. गोमाकाकाचा फाटका आवाज त्यातही ओळखू येई, "हुर्र्ये! हुर्र्ये!"

अर्धं रान उतरून झालं असेल. लखमाला समोर कळप दिसला. पंधराएक चितळं, माना उंचावून, खिंडीकडे निघालेली. आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की डावीकडून आवाज येत नाही.

"काका?" तो म्हणाला. पण हळूच.

उत्तर आलं नाही.

"थांबा!" हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता. पण रांग थांबली तर कळप उलटा फिरणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याला घरातली बायको आठवली. 'म्हाताऱ्याच्या घशाला कोरड पडली असेल,' त्याने मनाशी म्हटलं. 'आणि पलीकडे बुधा आहेच की. काही झालं असेल तर तो ओरडेल.'

मग एक चितळ काकाच्या मोकळ्या पडलेल्या जागेकडे वळायला लागलं, तसा लखमा डावीकडे सरकला आणि दुप्पट जोराने ओरडू लागला. दोन माणसांचा आवाज त्याने एकट्याने काढला. चितळ बिचकलं आणि पुन्हा कळपात शिरलं.

सहा हरणं पडली. एवढी शिकार कित्येक वर्षांत झाली नव्हती. नाल्याच्या काठी पळसाच्या पानांवर वाटे घातले गेले. शिकारीचा नाईक एकेकाचं नाव घेई आणि ज्याने त्याने आपला वाटा उचलावा. लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

"गोमा!" नाईकाने पुकारलं.

कोणी पुढे आलं नाही.

"गोमा कुठाय? त्याच्या शेजारी कोण होतं?"

बुधा लखमाकडे बघू लागला. "मला मधेच आवाज येईनासा झाला," तो म्हणाला. "पण मग तुझ्या बाजूने एवढा कल्ला ऐकू आला, मला वाटलं काका तुझ्यापाशी सरकलाय."

लखमा आल्या वाटेने पळत सुटला. मागून सगळे.

गोमाकाका एका घळीत सापडला. पाय घसरून पडला होता. मांडी मोडून हाड बाहेर आलं होतं आणि खालची माती रक्ताने भिजली होती. ओरडायचं बळ उरलं नसेल, म्हणून त्याने हातातली काठी दगडावर आपटली होती. आपटून आपटून तिचे दोन तुकडे झाले होते. दगडावर पांढरे वळ उठले होते.

नाईकाने त्याच्या छातीवर हात ठेवला. "अंग अजून गरम आहे," तो म्हणाला. "आत्ताच गेला."

रांग थांबून गप्प झाली असती, तर ती काठीची आपट ऐकू जाईल एवढंच अंतर होतं. लखमाला ते चालून बघायचीही गरज नव्हती.

प्रेत घरी आणलं. नाईकाने गोमाकाकाच्या बायकोपुढे त्याचा वाटा ठेवला. ती नवऱ्याच्या सोलवटलेल्या तळहातांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "थांबा म्हणून कोणी हाळी दिली नाही?"



"मी द्यायला हवी होती, काकी," लखमा म्हणाला. "मला कळलं होतं."

ती त्याला शिव्या देईल, मारेल, असं सगळ्यांना वाटलं. लखमालाही तेच हवं होतं. पण तिने पानांचं ते पुडकं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"तुझी बायको ओली बाळंतीण आहे ना? तिला शिजवून घाल. माझ्या घरात आता खाणारं कोण आहे?"

तो ते घेऊन घरी आला.

संध्याकाळी लखमाच्या बायकोने पोटभर खाल्लं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तजेला आला. ती म्हणाली, "यंदा दोन वाटे मिळाले वाटतं तुम्हाला?"

"हो," लखमा म्हणाला, आणि बाहेर जाऊन ओकला.

तात्पर्य: शेजारचा आवाज थांबल्याचं ज्याला कळलं, हाळी द्यायचं काम त्याचंच. दुसरा देईल म्हणून जो गप्प बसतो, त्याला पुढे कोणी शिक्षा केली नाही, तरी ती चुकत नाही.