हलीमाबीकडचं विरजण

"पण बुवा, मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर?"

मकरंद अजून चपला काढत होता आणि प्रश्न आधीच आत पोचला होता. एसटीतून उतरून सगळी टेकडी तो पळतच चढला होता.

बळवंतबुवा गुरव देवळाच्या ओसरीवर तापलेलं दूध निववत बसले होते, डाव्या हातानं. गेल्या वर्षी अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून उजवा उठत नव्हता. चाळीस वर्षं त्या हातानं पखवाज वाजवला. त्यांच्या गुरूंचे एकशे बारा बोल बुवांना तोंडपाठ होते, पण वाजणारे आता दोनच ठिकाणी उरले होते. एक मकरंदच्या बोटांत, आणि दुसरं इंटरनेटवरच्या एका कंपनीकडे. बुवांचं सगळं वादन मकरंदनं तिथं जपून ठेवलं होतं.

त्या कंपनीचं पत्र आलं होतं. रविवारपासून सेवा बंद, काय उतरवून घ्यायचं ते घ्या. वर आभारही मानले होते. आधीच्या कंपनीनंही असेच आभार मानून दुकान गुंडाळलं होतं. या दुसरीच्या पहिल्याच पानावर 'कायमचं' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, आणि कायमचं म्हणजे निघालं तीन वर्षं.

मकरंद संतापला होता. गंमत म्हणजे तो तितकाच खूषही होता, कारण त्याला तिसरी कंपनी सापडली होती. ही मोठी आहे, ही असं करणार नाही, कुलूप तर असं की कुणाच्या बापाला उघडणार नाही, हे सगळं तो एका दमात सांगून मोकळा झाला.

"नाहीतर माझ्या उत्साहावर विरजणच पडलं होतं, बुवा."

"विरजण..." बुवांनी मान वर केली. "बरी आठवण केलीस. सकाळी मांजरानं दह्याचं भांडं पालथं केलं. हलीमाकडून चमचाभर घेऊन ये."

इथं एकशे बारा बोल चाललेत आणि यांना दह्याचं पडलंय. पण बुवांपुढे बोलायची सोय नव्हती. मकरंद वाटी घेऊन शेजारी गेला.

हलीमाबीनं चमचाभर दही वाटीत घातलं. मकरंदनं आभार मानले तर तिला हसूच आलं.

"अरे, हे बुवांचंच आहे. ईदला माझं नासलं तेव्हा त्यांच्याकडूनच आणलं होतं. त्याआधी त्यांनी माझ्याकडून नेलेलं. पहिलं कुणाचं, ते आता मलाही ठाऊक नाही."

मकरंद वाटेत मध्येच थांबला. वाटीकडे बघत राहिला. मग असा धावत सुटला की दही सांडायचंच बाकी होतं.

बुवांनी वाटी घेतली.

"तुझ्याकडे बोल मागायला कुणी आलं होतं?"

आले होते. रिक्षावाला पोपट तीनदा आला होता, पखवाज स्वतःचा घेऊन. शाळेतल्या वैजयंतीबाई दोनदा.

"दिलेस?"

"नाही... तुमची विद्या, बुवा. कुणीही उचलून नेली असती. म्हणून तर पासवर्ड..."

 त्याचे कान लाल झाले. 

मग मकरंदनं फोन काढला. तिसऱ्या कंपनीसाठी नव्हे, पोपटचा नंबर शोधायला. आणि त्याला एकदम इतका आनंद झाला की बोटं नंबरावर धड पडेनात. पोपटला आजच बोलावतो, म्हणाला. बाईंनाही. पखवाज इथंच ओसरीवर मांडतो, तुम्ही तोंडानं बोल म्हणा, मी वाजवतो. कंपनी रविवारी बंद होऊ दे नाहीतर आत्ता होऊ दे.

"फक्त सांगा बुवा, आधी कुणाला देऊ?"

बुवांनी करंगळी दुधात बुडवून पाहिली. चमचा उचलला.

"ज्याचं दूध कोमट असेल, त्याला."