मिठाचा दिवस

सात टेकड्यांच्या त्या राज्यात पुतळ्याचं धड एकच होतं. डोकी तेवढी बदलत. राज्य लांडग्यांचं. एक लांडगा दुसऱ्याचा गळा धरी, गादीवर बसे आणि पहिलं काम काय करी? प्रजेच्या चाऱ्यापाण्याचं बघे? छे! पुतळ्याच्या मानेतल्या खोबणीतून आधीच्याचं डोकं उपटून काढी आणि तिथे आपलं बसवी. आधीच्याचं नाव मग वेशीवरून, कमानीवरून, अगदी पाण्याच्या हौदावरूनसुद्धा छिन्नीनं खरवडलं जाई. चुकून कुणी ते उच्चारलं, तर त्याची जीभ छाटली जाई. काल ज्याच्या नावानं घसा बसेस्तोवर जयजयकार केला, तो कधी जन्मलाच नव्हता असं सगळ्यांनी मुकाट मानायचं. आणि मानत होते हो सगळे! चीड येते ती याचीच.

ते धड काही आपल्या पायांनी टेकडी चढलं नव्हतं. बैलांनी ते ओढून नेलं होतं. ऐन चढावर दोर तुटला, धड मागे घसरलं आणि पाखऱ्या नावाचा तरणाबांड बैल त्याखाली सापडला. कपिली गाईचा एकुलता एक. लांडग्यांनी मुहूर्त काही टळू दिला नाही. पाखऱ्याला कडेला ढकललं, नवा दोर बांधला आणि काम पुढे चालू केलं.

गुराढोरांचे पुतळे कोण उभारणार? त्यांची आपली रीत होती. मेलेल्याच्या नावानं टेकडीखालच्या माळावर एक दगड उभा करायचा. वर्षातून एकदा, मिठाच्या दिवशी, आईनं त्या दगडाला मीठ चोळायचं आणि नुकत्याच जन्मलेल्या वासराला चाटतात तसा तो चाटायचा. तिथला दगड पांढरा आणि मऊ. चाटून चाटून त्यात खळगा पडे. कपिलीच्या जिभेला एक जुनी चीर होती, त्यामुळे पाखऱ्याच्या खळग्यात मधोमध एक बारीक कंगोरा राहिला होता. हजार दगडांतून तिनं तो ओळखला असता.

यंदा वज्रदंत नावाचा नवा लांडगा गादीवर आला. नव्या डोक्यापुढे सगळ्या प्रजेनं येऊन वाकावं, असा हुकूम निघाला, आणि दिवस नेमका मिठाचा धरला. कपिली उजाडताच निघाली. गळ्यात मिठाची पुरचुंडी. आधी लेकरू, मग लांडगा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. माळावर पोचली आणि बघते तर काय! माळ मोकळा पडला होता. एक दगड म्हणून शिल्लक नव्हता, नुसते खड्डे.

खड्ड्यांशेजारी पाथरवट माकड दोर गुंडाळत बसलं होतं.

"माझा दगड कुठे गेला रे?"

"वर नेले सगळे. नशीब काढलंत कपिलीबाई! वीरांचं स्मारक होतंय. नवा चौथरा, नवं डोकं."

"कुणाला विचारून नेले?"

"विचारायचं काय त्यात? डोकी घडवून घडवून खाणी संपल्या. महाराज म्हणाले, माळावर इतके दगड पडलेत, ते आणा."

"पडले नव्हते, मेल्या," कपिली म्हणाली. "उभे होते."

माकडानं पुन्हा दोर गुंडाळायला घेतला.

वर चौकात ही गर्दी! चौथऱ्याला पुढून गुळगुळीत फरश्या बसवल्या होत्या आणि वर, त्या जुन्याच धडावर, वज्रदंताचं नवं कोरं डोकं होतं. वज्रदंत स्वतः पुढ्यात उभा राहून गहिवर आणून बोलत होता. "ज्या अनाम वीरांनी या राज्यासाठी देह ठेवला, त्यांच्या पायांशी मी आज लीन होतो. प्रजाजनहो, खाल्ल्या मिठाला जागा!"

कपिलीच्या अंगाचा तिळपापड झाला. अनाम? पाखऱ्या नाव होतं त्याचं! आणि तुझ्या राज्यासाठी कुणी देह ठेवला नव्हता, तुझ्या त्या धडाखाली चिरडला गेला होता तो. पण ओरडून उपयोग नव्हता. ती गर्दीतून अंग चोरत पुतळ्याच्या मागे गेली.

मागची बाजू घडवण्याची त्या राज्यात पद्धतच नव्हती. मागून कोण बघतंय? चौथऱ्याला मागे फरशी नव्हती, माळावरचे दगड जसेच्या तसे रचले होते, खळगे बाहेर ठेवून. आणि वर, त्या नव्या डोक्याच्या मागे, मानेवर, जिथे केस कोरायचे राहून गेले होते, तिथे एक खळगा होता. त्याच्या मधोमध बारीक कंगोरा.

कपिली तिथेच गुडघ्यांवर बसली.

"ए म्हातारे, पुढे हो!" पहाऱ्यावरचा लांडगा गुरगुरला. "इकडे काय करतेस?"

"डोक्याला वाकायचा हुकूम आहे ना? मग वाकलेय की."

तेवढ्यात तिची शेजारीण, भुरी म्हैस, तिला शोधत आली. "अगं बाई, तू इथे होय! पुढे हजेरीत तुझ्या नावानं बोंब चाललीय."

"वर बघ," कपिली म्हणाली. "पाखऱ्या आहे माझा. आणि खाली बघ. तुझी गेलेली तान्ही असेल यात."

भुरीनं एकेक दगड हुंगला. चौथऱ्याच्या कोपऱ्यापाशी आली आणि थांबली. मग तिनं दगडाला जीभ लावली.

बातमी सांगावी लागली नाही. मेंढ्या आल्या, गाढवं आली, शेळ्या आल्या. ज्याला त्याला आपला दगड सापडत गेला. चौकातली गर्दी बघता बघता पुतळ्यामागे जमली आणि नवं डोकं रिकाम्या चौकाकडे बघत राहिलं. कपिलीला मात्र आपलं लेकरू नुसतं डोळ्यांनीच बघावं लागत होतं. इतक्या उंचावर तिची जीभ कुठून पोचणार?

वज्रदंत संतापानं लाल झाला. गुन्हा लावावा तर कुठला? सगळी प्रजा त्याच्याच डोक्यापुढे गुडघे टेकून बसली होती. "फिरवा ते डोकं!" तो गरजला. "तोंड त्यांच्याकडे करा! बैल लावा दोराला!"

बैल आले. पाखऱ्याबरोबर त्या चढावर जुंपलेले, आता वयस्क झालेले बैल. माकडानं डोक्याला दोर बांधला, तो डोकं चढवायला पुतळ्यामागे उंच बांधलेल्या कप्पीवरून घेतला आणि ओढा म्हणून सांगितलं. बैलांनी ओढलं. डोकं खोबणीतून सुटलं, झोका खाऊन पुतळ्याच्या मागे अधांतरी लोंबकळलं.

"फिरवा!" वज्रदंत ओरडला.

बैलांनी कपिलीकडे पाहिलं. मग ते एकेक पाऊल मागे सरकू लागले. दोर सैल होत गेला. डोकं खाली खाली आलं, आणि कपिलीच्या पुढ्यात मातीला टेकून कलंडलं. राजाचं तोंड पार धुळीत रुतलं. मानेवरचा खळगा वर आला.

कपिलीनं पुरचुंडी सोडली. मीठ चोळलं. आणि सगळ्या राज्यासमोर, भर दुपारी, ती आपल्या वासराला चाटू लागली.