अख्खा चौकोन मुंगीचा

एक होती आई. तिनं काढला हत्ती. हत्ती झाला भोपळ्यासारखा.

"आई, हा भोपळा?" नमूनं विचारलं.

"अगं, सोंड दिसत नाही का?"

"देठ आहे तो!"

कागदभर हत्तीच हत्ती. एका कोपऱ्यात जागा उरली. तिथे आईनं काढली मुंगी. इवलीशी.

अंगणातून खरी मुंगी चालली होती. तुरुतुरु तुरुतुरु. तिनं चित्र पाहिलं.

"अय्या! ही तर मी!"

आईनं घेतली कात्री. कच कच कच! उभं कापलं. आडवं कापलं. झाले नऊ चौकोन. आठ चौकोनांत हत्ती. एका चौकोनात मुंगी.

"नमू, आता चित्र जुळव बघू."

तेवढ्यात वारा आला. भुर्रर्र! मुंगीचा चौकोन उडाला. पडला कोंबडीच्या टोपलीत. कोंबडी बसली त्याच्यावर. फतकल!

"माझा चौकोन!" मुंगी ओरडली.

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"कोंबडीताई, ऊठ ना. चौकोन मिळेना!"

"पक पक पकाक! उठू कशी? माऊ टपलीय अंड्यांवर. माऊ हलली, तर मी उठेन."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"माऊताई, हल ना. कोंबडी उठेना, चौकोन मिळेना!"

"म्यांव! भूक लागलीय. दूध मिळालं, तर मी हलेन."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"गाईबाई, दूध दे ना. माऊ हलेना, कोंबडी उठेना, चौकोन मिळेना!"

"हम्मा! रिकाम्या पोटी? चारा मिळाला, तर मी दूध देईन."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"आई, चारा घाल ना. गाय दूध देईना, माऊ हलेना, कोंबडी उठेना, चौकोन मिळेना!"

आई चटईखाली चौकोन शोधत होती.

"थांब गं बाई. चित्र पुरं झालं, तर मी चारा घालीन."

"पण चौकोन कोंबडीखाली आहे!"

"त्या कोंबडीला मी उठवू? कालच टोचलंय तिनं मला. नको गं बाई!"

आता काय करायचं?

मुंगीनं चित्राकडे पाहिलं. आठ चौकोन जुळलेले. एक जागा रिकामी. मुंगी गेली तिथे. मधोमध उभी राहिली. ताठ!

"घे. झालं चित्र पुरं!"

नमूनं टाळ्या पिटल्या. "आई, मुंगी बघ! खरीखुरी!"

"माझ्या हत्तीपेक्षा छान दिसतेय गं," आई म्हणाली. "बरं, बोलले ते बोलले." आणि आई उठली.

आईनं चारा घातला. गाय खाते कराकरा. गाईनं दूध दिलं. चुर्र चुर्र! माऊ बशीकडे हलली. लप लप लप! कोंबडी उठली. फड फड फड! आणि नमूला मिळाला चौकोन. थोडा चुरगळलेला. थोडा कोमट.

नमूनं चौकोन जागेवर ठेवला. अगदी बरोब्बर!

"आता तरी हत्ती दिसतोय ना?" आईनं विचारलं.

"मुंगी मस्त दिसतेय," नमू म्हणाली.

मुंगी आपल्या चौकोनावर चढली. तुरुतुरु नाही हं. ठुमकत ठुमकत! मान वर केली. मिशा हलवल्या. आणि म्हणाली,

"हत्तीला लागले आठ. मला लागला एक. पण अख्खा माझा!"