आई पल्याड, बुटकुली अल्याड

दाट दाट रान होतं. रानात नदी होती. नदीकाठी अस्वलांचं गाव होतं.

ही अस्वलं बोलायची बरं का! कुणी सुतार, कुणी लोहार, कुणी नावाडी. आणि आया पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडायच्या. तीच त्यांची रीत.

एका आईच्या पाठीवर दोन पिल्लं. मोठा ढोल्या आणि धाकटी बुटकुली. बुटकुली एवढीशी, मुठीएवढी!

आपली पाठ आपल्याला दिसते का? नाही दिसत. म्हणून आई विचारायची, "आहात ना दोघं?"

ढोल्या म्हणायचा, "हूं!"

दोघांचं उत्तर ढोल्याच द्यायचा. त्याचा आवाज मोठा. बुटकुलीचा आवाज कुणाला ऐकू जायचा?

एके दिवशी आई निघाली नदीपल्याड, मोहाची फुलं खायला. नावेत मारली उडी. धप्प! बुटकुलीचा हात सुटला. बुटकुली पडली गवतात.

आईने विचारलं, "आहात ना दोघं?"

ढोल्या पेंगत होता. झोपेतच म्हणाला, "हूं!"

झालं! नाव गेली. आई गेली. बुटकुली ओरडली, "आई! आई!" पण पाण्याचा आवाज केवढा मोठा! खळाळ खळाळ, खळाळ खळाळ.

आई दिसेनाशी झाली. बुटकुली काठावर बसून नावेची वाट पाहू लागली.

थोड्या वेळाने नाव परत आली. नावाडीदादा उतरला. बुटकुली धावली. दुडू दुडू धप्! दुडू दुडू धप्!

"काय झालं गं बुटकुले?"

"आई गेली पल्याड, मी राहिले अल्याड.
नावाडीदादा, नाव सोड!"

नावाडीदादाने मान हलवली. "कशी सोडू गं? येताना खडकावर आपटलं नि वल्हं मोडलं. वल्ह्याशिवाय नाव सोडली तर नदी ओढून नेईल. सुताराकडे जा. त्याने वल्हं दिलं, तर मी नाव सोडीन. पण लवकर ये हं! अंधार पडला की नाव बंद."

बुटकुलीने वर पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं. ती निघाली. दुडू दुडू धप्! दुडू दुडू धप्!

सुतारकाका ओंडक्यावर बसले होते.

"काय झालं गं बुटकुले?"

"आई गेली पल्याड, मी राहिले अल्याड.
वल्हं नाही, नाव नाही.
सुतारकाका, वल्हं द्या!"

सुतारकाकांनी मान हलवली. "कसं देऊ गं? कुऱ्हाड बोथट झालीय. लाकूड तुटेना की तासलं जाईना. लोहाराकडे जा. त्याने धार दिली, तर मी वल्हं देईन."

बघा! अस्वल एवढं मोठं, पण कारण त्याहून मोठं. बुटकुलीने ओठ घट्ट मिटले. बोथट कुऱ्हाड घेतली ओढत. खर्र खर्र. दुडू दुडू धप्! दुडू दुडू धप्!

लोहारमामा भट्टीपाशी बसले होते. भट्टी थंडगार.

"काय झालं गं बुटकुले?"

"आई गेली पल्याड, मी राहिले अल्याड.
वल्हं नाही, नाव नाही.
धार नाही, वल्हं नाही.
लोहारमामा, धार द्या!"

लोहारमामांनी मान हलवली. "कशी देऊ गं? भट्टी विझलीय. लोखंड तापल्याशिवाय धार निघत नाही. ठकूआजीकडे जा. तिची चूल पेटलेली असते. तिने विस्तव दिला, तर मी धार देईन."

दुडू दुडू धप्! दुडू दुडू धप्! पाय दुखायला लागले. तरी बुटकुली थांबली नाही.

ठकूआजी चुलीपुढे बसली होती. चुलीत लाल लाल विस्तव.

"काय झालं गं बुटकुले?"

"आई गेली पल्याड, मी राहिले अल्याड.
वल्हं नाही, नाव नाही.
धार नाही, वल्हं नाही.
विस्तव नाही, धार नाही.
ठकूआजी, विस्तव दे!"

आजीने तिला जवळ घेतलं. पण मान हलवलीच. "कसा देऊ गं बाई? आपल्या गावची रीत आहे. चुलीला मधाचं बोट लावावं, मगच विस्तव उंबऱ्याबाहेर जावा. माझ्या मडक्यातला मध संपला. मधमाश्यांकडे जा. त्यांनी मध दिला, तर मी विस्तव देईन."

"पण आजी, त्या चावतात!"

"चावतात खऱ्या," आजी म्हणाली. तिने बुटकुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "भीती वाटली तरी जा हो बाळा."

दुडू दुडू धप्. दुडू दुडू धप्.

उंच कड्याखाली मोठं पोळं होतं. गुंग गुंग गुंग! मधमाश्या ओरडल्या, "अस्वल आलं! अस्वल आलं!"

बुटकुलीला पळून जावंसं वाटलं. पण पळाली नाही. खाली बसली आणि म्हणाली,

"आई गेली पल्याड, मी राहिले अल्याड.
वल्हं नाही, नाव नाही.
धार नाही, वल्हं नाही.
विस्तव नाही, धार नाही.
मध नाही, विस्तव नाही.
मधमाश्यांनो, मध द्या!"

मधमाश्या बाजूला सरल्या. मग त्यांची राणी म्हणाली, "अस्वलं येतात. पोळं ओरबाडतात. आमची पिल्लं खाली पडतात. त्यांनाही आई असते गं! मागितलं मात्र कुणी नाही कधी."

बुटकुलीला हे ठाऊकच नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. "चुकलं आमचं," ती म्हणाली.

"नुसतं म्हणून काय होतंय? इथेच बस. हात मांडीवर. पोळ्याला हात लावायचा नाही. आम्ही बघतो."

बुटकुली बसली. हात मांडीवर. वरून मधाचा थेंब पडला. टप्प! अगदी नाकासमोर. पोटात भूक केवढी! जीभ बाहेर आली.

बुटकुलीने जीभ आत घेतली.

टप्प! टप्प! बुटकुली हलली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र आलं. तेही टप्प टप्प.

राणी तिच्या नाकावर येऊन बसली. चावली नाही. म्हणाली, "घे बाळ. पळसाचं पान धर. बोटभर मध घे. पण हा चुलीचा मध आहे हं!"

"हो," बुटकुली म्हणाली.

ती निघाली. पानावर मध. हळू हळू. दुडू. दुडू. दुडू. आता धप् नाही. धप् झालं तर मध सांडेल ना! थोडा मध पंजावर ओघळला. तोही तिने चाटला नाही.

मग काय झालं?

मध मिळाला चुलीला, आजीने दिला विस्तव.
विस्तव गेला भट्टीत. भाता म्हणाला, फुस्स फुस्स!
लोहाराने घण मारला, ठण ठण! कुऱ्हाडीला आली धार.
सुताराने घाव घातला, खाट खाट! वल्हं झालं तयार.
वल्हं पडलं पाण्यात, चुबुक चुबुक! नाव निघाली पल्याड.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. पल्याडच्या काठावर कुणीतरी उभं होतं. मानेपर्यंत भिजलेलं. पाण्यात शिरत होतं. नदी मागे ढकलत होती. पुन्हा शिरत होतं.

ती आई होती.

बुटकुलीने छाती भरून श्वास घेतला. "आई!"

केवढा मोठा आवाज! नावाडीदादासुद्धा दचकला. आईने मान वर केली.

नाव काठाला टेकली. बुटकुलीने उडी मारली. आई तिला हुंगत राहिली. नाक हुंगलं, कान हुंगले, पंजे हुंगले. "माझं बाळ! माझं बाळ गं!"

ढोल्या हुंदके देत होता. "मी झोपेत हूं म्हटलं. मला कळलंच नाही, बुटकुले!"

"आणि मी वळून पाहिलं नाही," आई म्हणाली. ती जमिनीवर वाकली. "ये. बस पाठीवर."

बुटकुलीने आईची पाठ पाहिली. केवढी रुंद, केवढी केसाळ. ती म्हणाली, "पाठीवर नको."

"मग गं?"

"पोटाशी."

अस्वलं चालतात चार पायांवर. दोन पायांवर चालायचं म्हणजे कंबर मोडते. पण आई उठली. दोन पायांवर उभी राहिली. दोन्ही हातांनी बुटकुलीला पोटाशी धरलं. ढोल्याला म्हणाली, "तू माझ्यापुढे चाल. मला दिसशील असा."

आणि आई चालत राहिली. पाय थकले, तरी तशीच. बुटकुलीला वर आईचं तोंड दिसत होतं. आईला खाली बुटकुलीचं.

गोष्ट गेली पैलतीरी, झोप आली आपल्या घरी.