मलखांबाखालची माती

“उतरतेस का नाही? शेवटचं विचारतोय!”

मलखांबाच्या पार टोकाला, बोंडाला मिठी मारून मैना बसलेली. भेदरलेलं माकडच. डोळे गच्च मिटलेले.

दिग्विजय सरांचा आवाज तालमीच्या पत्र्यावर जाऊन आपटला. सरांकडं पदकं इतकी, की भिंतीतले खिळे वाकलेत म्हणे. पण तालमीत पोरं काही टिकेनात. ओरडून ओरडून निम्मीअर्धी पळवली, उरली ही चार-पाच. त्यातही खांबाचं खरं वेड एकट्या मैनाला. आज तिचा हात जरासा सटकला, तर सर गरजले, “पडलीस तर याद राख!”

झालं. पोरगी तिथंच गोठली.

ही पण गेली तर तालमीला कुलूप, हे सरांना कळत होतं. म्हणून तर ते आणखीनच ओरडत होते.

दारात बाबालाल वस्ताद कधी येऊन उभे राहिले, कुणालाच कळलं नाही. सरांना मलखांब शिकवला तो ह्यांनीच. आता म्हातारा गडी. पायांआधी गुडघेच बोलायचे.

“वस्ताद, तुम्हीच सांगा हिला.”

वस्तादांनी वर बघितलंच नाही. खांबाखाली फतकल मारली नि हातानं माती उकरायला लागले. खडा लागला, फेकला. आणखी एक लागला. फेकला.

“अहो, पोरगी वर...”

“दिसतंय मला.”

मग लेंगा खोचला, खांब धरला. चढले हातभर, दोन हात... खांब तेलकट, पाय म्हातारे.

धप्प!

वस्ताद उताणे. दाढीत माती.

“मऊ हाय गं मैना,” ते पडल्या पडल्या म्हणाले. “गादीच जणू. खाली आलीस की तेवढी दाढी झाडून दे.”

वरून फिस्सकन आवाज आला. हसता हसता मिठी ढिली झाली नि पोरगी सर्रकन खाली. तिनं वस्तादांची दाढी झाडली. चपला घातल्या.

“उद्या वेळेवर ये,” सर म्हणाले.

“मी नाही येणार.”

सर तिच्या चपलांकडं बघत राहिले. आता शिकवायचं कुणाला? पदकांना?

आणि एकदम आठवलं... सरांच्या लहानपणी हेच वस्ताद रोज खांबावरून पडायचे. रोज! छोटा दिग्या पोट धरधरून हसायचा, नि मग स्वतःच खांबाकडं पळायचा.

“वस्ताद... तेव्हा तुम्ही मुद्दाम...?”

“चढ.”

सर चढले. बोंडावर हात टेकून मोरासारखे आडवे तोलले. फोटो काढावा असे. मैनानं ढुंकूनही बघितलं नाही. चालली दाराकडं.

“आता पड,” खालून वस्ताद म्हणाले.

“काय?”

“पड.”

मैना उंबऱ्यात थांबली. वळली. बाकीची पोरंही माना वर करून उभी.

सर बोंडाला बिलगले. मघाशी मैना बिलगली होती ना, अगदी तस्सेच.

“कसा पडू, वस्ताद? सगळी बघतायत...”

वस्तादांनी मातीतला उरलेला एक खडा उचलला, लांब भिरकावला.

“...म्हणून तर.”